हाकोदाते, तिसरा मजला

तारांखाली रुमाल सरकवून
फुमिए रोज रात्री तेच चार स्वर घासते.
शेजारच्यांचं बाळ उठायला नको.

मेट्रोनोम साठावर. मग चौसष्ट.
अडुसष्टला मनगटाचं लाकूड होतं,
जोडतारेतली एकच वाजते,
दुसरी नुसती बघत राहते.

कुरोदा सर म्हणतात, नखी धरू नका,
हातात राहू द्या.
म्हणजे काय, ते सांगत नाहीत.

पहाटे बाजारात माकुळं साफ करताना
बोटांच्या चिरांत खारं पाणी झोंबलं,
तिने हात झटकला.
थांबली.
पुन्हा झटकला, उगाच,
मनगट कुठून सुटतं ते बघत.

गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, दोन किलो!"
"हो, देते,"
म्हणाली, आणि कोरडाच हात
आणखी एकदा.