पथारी

नंदुरबारला गाडीतून उतरलेला माणूस
पाहुणा की गावातला,
हे पौषात विचारावं लागत नाही.
पाहुणा शिंकतो.

गावाबाहेर नजर पोचेल तिथवर लाल पसरलेलं असायचं,
आणि त्या लालीत बायका बसलेल्या,
नाकातोंडाला पदर, पुढ्यात ढीग.
देठ खुडायचे. किलोवर पैसे.
तिसऱ्या रांगेत, गोणपाटाची घडी घालून बसलेली
ती माझी मोठीमाय. सुपडाबाई.
मुकादम वहीत नुसतं ‘सुपडी’ लिहायचा
आणि दर शनिवारी ती त्याला पुढे ‘बाई’ लिहायला लावायची,
अंगठा त्यानंतर.

मी शाळा सुटली की थेट तिच्याकडे.
धावत गेले की ती दोन्ही हात वर करायची,
पोलिसानं धरल्यासारखे.
“दूर ऱ्हाय वं, माना हातले मिरची शे.”
मग कोपर पुढे करायची.

त्या कोपराला धरून मी फाटक ओलांडलं.
त्याच कोपरानं तिनं माझं नाक पुसलं,
कपाळाला लावून ताप पाहिला,
आणि गणितात चार मार्क पडले त्या संध्याकाळी
पाठीत बसला तोही कोपरच.
लोक म्हणतात, कोपराला गूळ लावला.
मी एकदा चाटून पाहिलंय.
खारट लागलं.

ताक, राख, गोडं तेल, चिंचेचं पाणी,
कुणीतरी सांगितलं म्हणून एकदा रॉकेलसुद्धा.
आग काही जायची नाही.
रात्री ती खाटेच्या कडेला पालथी झोपायची,
हात खाली पाण्याच्या घमेल्यात सोडून.
अंधारात मधूनच चुळुक व्हायचं,
मला कळायचं, मोठीमाय कूस बदलतेय.
अजूनही कुठे नळ गळत असला
तर मला छान झोप लागते.
नवरा उठून नळ बंद करतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत तिनं घोडे दाखवले ते हनुवटीनं.
“तो देख, तो कायाभोर.”
तिथंच एक चमचा घेतला, मला भरवायला,
सात रुपये म्हणणाऱ्याला पाचावर आणून.
दांडा पहिल्याच आठवड्यात वाकला.
वाकला तो बरा झाला, म्हणाली,
आता तो आपणहून तोंडाकडे वळतो.

चैत्रात पथारी उठायची.
मग मी रोज विचारायची, गेली का आग?
ती उजव्या हाताचं बोट
आधी आपल्या डोळ्याला लावून बघायची.
तो डोळा लालबुंद, पाण्याची धार लागलेली,
आणि ही मान हलवून म्हणायची,
“आखो दोन दिन.”
असे दोन-दोन दिवस करत अखाजी यायची.
त्या सकाळी डोळा कोरडा राहायचा.
मग ती मला समोर बसवून
दोन्ही तळव्यांत माझा चेहरा धरायची
आणि बराच वेळ काहीच करायची नाही.
बाहेर पोरी झोक्यावर ओरडत असायच्या.
मला झोक्याची घाई. मी मान सोडवून पळायची.

ती गेली ती पौषातच,
ऐन हंगामात, आठवड्याची मजुरी घ्यायची राहिली.
नाशिकचे मामा सारखे शिंकत होते,
नंतर खरंच रडत होते, कळलं नाही कधीपासून.
तिरडी पथारीवरून नेली,
मुकादमानंच ट्रक बाजूला घ्यायला लावला.
रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या,
पन्नास-साठ असतील,
हात लुगड्यापासून लांब धरलेले, लाल.
कुणाला नमस्कार करता येईना,
कुणाला डोळा पुसता येईना.

मग तिसऱ्या रांगेतल्या एकीनं कोपर वर केलं.
आणि मागे, पार भिंतीपर्यंत,
एकेक कोपर
डोळ्याशी गेलं.