सतरा नंबर

महूच्या गोठ्यात चोवीस पारडी, सगळी नर.
बारांना चार महिने आईचं दूध,
बारांना पंधरा दिवस, मग ताकाचं पाणी न् कडबा.
म्हणजे रेडकाला एरवी मिळतं तेच,
फक्त इथे वहीत लिहून.

पुढे दोन्ही रांगांना सारखंच:
मक्याचा भरडा, सरकीची पेंड,
थंडीत बरसीम.
दीड वर्षानं काटा म्हणाला, फरक नाही.
उपाशी बारांनी वजन भरून काढलेलं,
पाठी गोल, पोटं गोल,
डॉक्टर मुळ्ये खूश.

माझं काम त्यानंतरचं.
कमरेच्या मांसातून सुईनं काढलेला
तांदळाच्या कणीएवढा तुकडा
गोठवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा,
लाल रंगात बुडवायचा
आणि काचेवर बघत बसायचं दुपारभर,
डबा तसाच.

दूध प्यायलेल्यांच्या धाग्याधाग्यांमधून
लाल ठिपके,
संगमरवरात उतरत जाते तशी शीर.
दुसऱ्या बारांत कोरं.
चरबी त्यांनाही होती, कातड्याखाली, आतड्यांभोवती,
थरावर थर.
पण आतल्या जागा लहानपणीच बुजलेल्या;
उशिरा आलेलं अन्न
ओटीवरच बसून राहिलेलं.

आणि मग सतरा नंबर.
उपाशी रांगेतला. काचेवर लालच लाल.
पुन्हा कापला. पुन्हा लाल.
बाटलीवरची चिठ्ठी पाहिली,
अक्षर माझंच.
"बाद करा," डॉक्टर म्हणाले,
"एकामुळे सगळा आलेख वाकडा होतो."

इंदूरच्या बसला अर्धा तास होता.
गोठ्यात भेरूलाल पेंड भिजवत होता,
सतरा नंबर त्याच्या कोपराला नाक घासत.
मी विचारलं काहीच नाही. नुसतं म्हटलं,
याचं जरा वेगळं आलंय.
तो ढवळत राहिला. पेंड कधीच भिजली होती.
"रात को भोत रोता था, बाई.
लोटाभर तो देता था.
किसको पता चलना था."

बाद करताना कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं: नमुना सदोष.
काच मात्र रुमालात गुंडाळून पर्समध्ये.

राऊला बस थांबली, पोहेवाल्याच्या बल्बसमोर.
काच उजेडाला धरून पाहिली.
नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही.
एक गुलाबी डाग,
कडेला माझ्या अंगठ्याचा ठसा.