हवेचा स्क्रू

दहा मिनिटं चालतं, मग मरतं.
नेमकं लिनलिन बेटाच्या टोकाशी,
जिथे भरतीचे दोन प्रवाह एकमेकांना आडवे जातात
आणि होडीला कुठलंच तोंड राहत नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचं इंजिन. पंधरा घोड्यांचं,
त्यातले जिवंत किती, कोण जाणे.
मागे दालकावेच्या बाजारासाठी तीन पोती बटाटे,
आणि पोत्यांवर बेलार्मिनो, वल्ही मांडीवर घेऊन,
आईला अशा वेळी काही विचारू नये
हे शहाणपण शिकत बसलेला.

आधी प्लग काढला. ओला नाही, काजळलेला नाही.
ठिणगी निळी, करकरीत.
म्हणजे आग आहे. अन्न पोचत नाही.

मग साहजिकच एलेउतेरियो कार्कामो आठवला.
गेल्या रविवारी टाकी त्यानेच नेली होती,
बहिणीला दवाखान्यात पोचवायला.
मागायला मुलगी आली, तो नाही.
आम्ही बोलत नाही. अकरा वर्षं झाली.
एक कुंपण, एक मेंढी,
आणि त्या मेंढीवरून माझ्या बापाबद्दल निघालेला एक शब्द.
टाकी भरून परत आली, पहाटे, दाराशी.

कुठेतरी पाणी मुरतंय, म्हटलं,
आणि खरोखरच पाणी शोधायला लागले.
काचेच्या बरणीत पेट्रोल काढलं, उन्हाकडे धरलं,
तळाशी एखादा टपोरा थेंब
पुराव्यासारखा वेगळा होऊन बसेल म्हणून थांबले.
बरणी स्वच्छ. तेलामुळे जराशी निळी.
मला वाईट वाटलं, हे कबूल करते.

तीन दिवस मग
स्वयंपाकघराच्या टेबलावर, पावाच्या फडक्यावर कार्ब्युरेटर.
जेटच्या भोकातून खिडकी पाहिली:
मोहरीएवढी, पण अख्खी, गजांसकट.
फ्लोट कानाशी नेऊन हलवला.
पंपाचा पडदा ओठांत धरून ओढला, फाटका निघावा म्हणून.
एकेक भाग निर्दोष सुटत गेला,
तसतसा एलेउतेरियोचा गुन्हा वाढत गेला.
दर वेळी टाकीचं झाकण उघडून आत बघायची,
आणि दर वेळी इंजिन पुन्हा दहा मिनिटं चालायचं.
तेवढ्यावरून कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी, त्याच टोकाशी,
बेलार्मिनो म्हणाला, "आई, हा फुगा बघ."
नळीतला रबरी फुगा. दाबला तर घट्ट लागायला हवा.
तो चपटा होऊन बसला होता,
कवळी काढलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखा.
इंजिन ओढत होतं, ओढत होतं,
आणि टाकी देत नव्हती.
टाकीला नुसतं देता येत नाही.
जेवढं पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यावी लागते.

झाकणावरचा तो बारका स्क्रू.
मी कधी बंद करत नाही, गंजून उघडाच अडकलेला असतो.
कुणीतरी गंज खरवडून काढला होता,
आट्यांना तेल लावलं होतं,
आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून
शेवटच्या फेऱ्यापर्यंत, नीट, पिळून बंद केला होता.

दोन फेरे सैल केला.
टाकीनं श्वास घेतला, इतका लांब,
की बेलार्मिनो माझ्याकडे बघायला लागला.

बटाटे पडत्या भावात गेले, बाजार उठत आला होता.
येताना इंजिन पुन्हा मेलं.
या वेळी नळी. आतलं अस्तर सुटून
पडजिभेसारखं आडवं आलेलं.
ह्याचं खापर कुणावर फोडता येईना. ते वयाचं होतं.

वल्हवत आलो. अंधार पडलेला.
एलेउतेरियोच्या धक्क्यावर एक टॉर्च लागला,
पाण्यावरून आमच्याबरोबर सरकत राहिला,
आमची पायरी लागेपर्यंत.
हाक आली नाही.
मीही हात केला नाही.
दोन्ही हात वल्ह्यांवर होते.