चाळीस-साठ

जळगावात मे महिन्यात तापमान वाढवणं सोपं,
अवघड ते तीसवर टिकवणं.
आमच्या वॉटर बाथला फक्त तापवता येतं.
म्हणून रोज सकाळी बसस्टँडमागच्या बर्फवाल्याकडून
पाव लादी, गोणपाटात गुंडाळून,
स्कूटीवर पायांशी ठेवून आणते मी.
टेकडीवर विद्यापीठात पोचेपर्यंत
चपला भिजलेल्या असतात.

काचेच्या वाकड्या नळीवर
दोन बारीक खुणा.
वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला
द्रावण किती सेकंद घेतं,
एवढंच बघायचं.
तीन वर्षं मी एवढंच बघतेय.

एक पावडर कारखान्यातली, पांढरी, बिनवासाची,
नव्वद अंशांवर तासभर ढवळल्याशिवाय
ऐकत नाही.
दुसरा धावड्याचा डिंक.
रमजान तडवीच्या मामांनी यावलच्या पलीकडून, सातपुड्यातून
कापडी पिशवीत पाठवलेला;
त्यात सालीचे तुकडे, थोडी माती,
एक मेलेला मुंगळा.

दोघंही पाण्यात विरघळतात.
पाण्याशी दोघांचंही बरं आहे.
एकमेकांशी आहे का,
हा माझा विषय.

सर लग्नाचं उदाहरण देतात. दरवर्षी, प्रत्येक बॅचला.
मी ते वहीत उतरवून घेतलेलं नाही.
लग्नात कुणी ऐंशीला वीस, साठाला चाळीस
असे नमुने करून
बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत नाही.

पातळ असताना सगळेच नितळ.
बाटली उजेडाला धरली
तर पलीकडचं कॅलेंडर वाचता येतं.
पण काचपट्टीवर ओतून ठेवलं, पाणी उडून गेलं,
की तिसऱ्या दिवशी पापुद्र्यात
दुधी ढग.
पाण्यानं इतके दिवस झाकून धरलेलं काहीतरी.

चाळीस-साठला तर नेहमीच.
आलेखावर बाकीचे ठिपके रेषेच्या आसपास,
हा एक लांब खाली,
पंगतीतून उठून गेलेल्या पाहुण्यासारखा.

टेबलं पुसताना भिकन अण्णा विचारतात,
"काय ताई, आज तरी जुयनं का?"
त्यांच्या बोलीत ळचा य होतो.
माझ्या आईच्याही.
प्रबंधात मी 'मिश्रणीयता' लिहिते
आणि अण्णांना सांगते,
नाही जुयनं.

परवा दुपारी दीडला लाईट गेली.
बर्फ संपलेला.
पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट बाथवर,
चार वाजता पारा एकेचाळीस.
नियमाप्रमाणे नमुने फेकायचे.
पण पंप बंद, नळ्या धुवायला पाणी नाही,
म्हणून नुसतंच बसण्यापेक्षा
स्टॉपवॉच दाबत राहिले.
एकशे बारा.
एकशे बारा पूर्णांक एक.
एकशे बारा.

वहीवरच ठिपके काढले, पट्टी ठेवली.
चाळीस-साठ रेषेवर.
पट्टी उचलून
पुन्हा ठेवली.

सर म्हणाले, एका आकड्यावर गाव वसत नाही.
मग मुद्दाम केलं, एकेचाळीसवर, पाच वेळा.
चार वेळा रेषेवर आला.
पाचव्याचं कारण अजून सापडलेलं नाही.
रमजान मुंगळ्याला दोष देतो.

काचपट्ट्या या वेळी हॉस्टेलच्या गच्चीवर,
मेसच्या मावशींच्या कुरडयांशेजारी वाळत घातल्या.
मावशींनी हात लावून बघितला, म्हणाल्या,
तुझ्यात मीठ कमी दिसतंय.
पापुद्रा ब्लेडनं सोलला, डोळ्यांसमोर धरला.
गिरणेचं कोरडं पात्र दिसलं.
पूल.
पुलावर थांबलेला केळीचा ट्रक,
आणि त्याच्या मागच्या फळीवरचा
अर्धा पुसलेला नंबर.

अण्णांनी तो चिमटीत धरला,
उजेडात फिरवला, परत फिरवला.
"यामा दोन्ही शेतस?"
दोन्ही, म्हटलं.
"मंग कोनता कोठे शे?"

मी काहीच बोलले नाही.
ते हसले, पापुद्रा माझ्या वहीत ठेवला
आणि फडकं घेऊन
पुढच्या टेबलाकडे गेले.

बर्फवाल्याला उद्या नको म्हणून सांगायचं
राहूनच गेलं.