जाड तार

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत
मीटरखालचा लाकडी बोर्ड उतरवला,
भिंतीवर जुन्या निळीचा चौकोन उरला.

मी मागायच्या आधीच मुल्लाणींनी
लायसन दाखवलं, लॅमिनेशन केलेलं.
मग चिनीमातीचा फ्यूज उपसून
माझ्या तळहातावर ठेवला :
"बघा वैनी, ही तार न्हवं, खिळाच हाय."

ह्यांनीच घातलेली.
गिरणी चालू असताना फ्यूज उडायचा,
दारात डबे घेऊन बायका ताटकळायच्या.
जाड तार घातली, मग कधीच उडाला नाही.

"उडत नव्हता, त्येच वाईट,"
मुल्लाणी म्हणाले. आतली वायर
त्यांच्या बोटांत चुरली, करपल्या पापडागत.

दिवसभर लाईट बंद.
परसात अर्थिंगचा खड्डा,
मीठ, कोळसा, दोन घागरी पाणी.

आता पांढरी पेटी, आठ खटके.
नावं मीच लिहिली स्केचपेननं :
गिरणी, माडी, गिझर, देवघर…
एक मोकळा ठेवलाय.

रात्री माडीवर शेगडी न् इस्त्री
एकदम लावून बघितली.
टक्.
माडीपुरता अंधार. खाली देवघरात
बल्ब तसाच.

जिन्यावर बसून राहिले थोडा वेळ.
तुम्ही असता तर
एव्हाना तार शोधत फिरला असता.