मनातल्या मनात सात

तांडापेठेत आमची शाळा, दुपारपाळी,
इयत्ता सहावी ब.
कूलर आहे, पाणी नाही,
खिडकीतून पॉवरलूमचा खडखडाट
दिवसभर वर्गात येऊन बसतो, हजेरी न लावता.

फळ्यावर लिहिते: तीन छेद सात, तीन छेद आठ.
मोठं कोणतं?
आणि गप्प होते.

एक.
रिद्धी पौनीकर हात वर करते,
अर्धी बाकावर चढलेली.
दोन.
कुणाचं तरी पेन पडतं, मुद्दामच.
तीन.

पूर्वी मी तीनपर्यंत पोचायचेच नाही.
शांतता सहन होत नसे,
वाटायचं, पगार बोलण्याचा मिळतो.
उत्तर मीच सांगायचे, मीच लिहायचे,
ते वहीत उतरायचं,
आणि वहीतच राहायचं.
घटक चाचणीत सगळे मला असं बघायचे
जसं काही त्या दिवशी मी सुट्टीवर होते.

एकदा अपूर्णांकासाठी संत्री नेली
(नागपूरची बाई, दुसरं काय नेणार).
सोलली, तर एकात दहा फोडी, एकात अकरा,
एकात नखाएवढी एक चिकटलेली.
"मॅडम, हिले धरायचं का नाई?"
सगळं गणित फिसकटलं, वर्ग हसून हसून लोळला,
आणि सालं वेचताना मला वाटलं, तास वाया गेला.
दिवाळीनंतर विचारलं,
सारखे भाग म्हणजे काय,
तर चाळीसातून छत्तीस जण ओरडले,
"ते लहान फोड चालत नाई मॅडम!"

तेव्हापासून थोडं बदललं.
रोज आल्याआल्या वह्या बंद.
काल काय झालं? परवा?
बघून नाही, आठवून.
पहिल्या आठवड्यात नुसतं कण्हणं.
शाहिस्ता म्हणाली, "सर में दर्द होता मॅडम."
म्हटलं, होऊ दे थोडं.
मग भोजराज हेडाऊ, शेवटचा बाक,
जून ते ऑगस्ट ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता,
शेजाऱ्याला हळूच म्हणाला,
"धागा तुटला का बाबा गाठ मारते.
मंग तेवढी जागा हाताले लागते."

प्रशिक्षणात तीन दिवस स्लाइड दाखवल्या होत्या,
मेंदूचं चित्र, गुलाबी, निळं,
दुपारी पुरीभाजी.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

चार.
पंख्याचं एक पातं दरवेळी खट् करतं.
पाच.
दारात केंद्रप्रमुख.
हातात फाइल, कपाळावर घाम,
आधी माझ्याकडे बघतात, मग मुलांकडे,
मग घड्याळाकडे.
"काय हो निखारे बाई, तास नाही का तुमचा?"
मी बोट ओठांवर ठेवते.
साहेबांसमोर. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.
रिद्धीचा हात खाली येतो,
तिला स्वतःच्याच उत्तराची शंका आली आहे.
शंका आली, बरं झालं.
सहा.

शेवटच्या बाकावर काहीतरी हलतं.
भोजराज उभा राहतो, गळ्यातला पंचा काढतो,
दोन्ही हातांनी ताणून धरतो.
"हे पन्हा तं तेवढाच हाय न जी.
याचे आठ पट्टे पाडले तं पट्टा बारीक होते.
सात पाडले तं रुंद.
मंग तीन रुंद मोठे का तीन बारीक?"
आणि बसतो. कान लाल.

कुणीतरी "अबे!" म्हणतं,
आणि मग सगळ्यांनाच पंचा हवा असतो,
कुणी ओढणी, कुणी दप्तराचा पट्टा,
अर्धा वर्ग उभा राहून कापड मोजतो.
मी अजूनही काही बोललेले नाही.

साहेबांनी शेरा लिहिला तो नंतर वाचला:
"भेटीच्या वेळी शिक्षिका उभ्या होत्या.
काही शिकवत नव्हत्या. वर्गात गोंगाट."
सही केली मी खाली.
खोटं एक अक्षर नव्हतं.

उद्या नाही विचारणार हा प्रश्न.
परवाही नाही.
गुरुवारी, जरा विसरले असतील तेव्हा.