मंगळवारची नाडी

भद्रावती पेठेतल्या आमच्या दवाखान्यात
दर मंगळवारी अंबादास कोडम येतात.
गोळ्या संपलेल्या नसतात. चक्कर नसते.
केसपेपर मात्र चौपदरी घडी घालून
प्लास्टिकच्या पिशवीत, खिशात तयार.

एकेचाळीस वर्षं पॉवरलूमवर.
कान तिथंच राहिले, खडखडाटात.
आता सून दारातूनच ओरडते, जेवायला या.
नातू लांबून खूण करतो.
रिक्षावालाही भाडं बोटांनी सांगतो.
सगळे नीट वागतात त्यांच्याशी.
हातभर लांबून.

नरसूबाई होत्या तेव्हा
विड्या वळून आखडलेली त्यांची बोटं
हे रात्री एकेक करून ओढायचे, कट्ट वाजेपर्यंत.
मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं,
बीपीचा पट्टा दंडावर फुगत असताना.
"उशीला तंबाखूचा वास होता, दिवाळीपर्यंत.
मग सुनेनं अभ्रा धुतला.
तिची काय चूक."

मे महिन्यात नवं यंत्र आलं.
नळकांड्यात हात घाला, बटण दाबा,
चिठ्ठी बाहेर. सिस्टर मोकळी.
कोडमांनी हात घातला : एकशे अडुसष्ट.
पुन्हा घातला : एकशे बहात्तर.
चिठ्ठी त्यांनी अंगठ्याखाली चोळून बघितली,
चादरीचा पोत बघावा तशी,
आणि माझ्याकडे परत दिली.
"सिस्टर, ह्याच्यात कुठंतरी धागा तुटलाय."

बाहेर पारा चव्वेचाळीस, रांग पायरीपर्यंत,
डॉक्टर घड्याळ बघत होते.
मी स्टूल ओढलं.
ग्लोव्हज काढले, का ते माहीत नाही.
त्यांचं मनगट मांडीवर घेतलं, तीन बोटं टेकवली.
वरची कातडी ज्वारीच्या वाळल्या पातीसारखी,
आणि खाली, खोल,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.

त्यांचे खांदे उतरले. डोळे मिटले.
मला उगाच आठवलं, सकाळपासून
एकोणसाठ दंड धरले मी, रबराआडून.
आणि माझा हात कुणी...
घरी कुलूप असतं.
एक मांजर येतं, तेही शेजाऱ्यांचं.

त्रेसष्ट, चौसष्ट,
आकडा चुकला.
त्यांना कळलं असावं. बोलले नाहीत.
मीही नाही.
पहिल्यापासून मोजायला घेतलं.